चुलीजवळची चार साधने : निवड, वापर आणि वर्गातला एक पाठ



श्वसनाचा पाठ शिकवताना आपण सांगतो की माणूस ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पुढे ज्वलनाच्या पाठात सांगतो की कार्बन डायऑक्साइडमुळे आग विझते. मुलं दोन्ही वाक्यं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. आता ज्याच्या घरी चूल आहे अशा एखाद्या मुलाला विचारून बघा, "तू फुंकणीने फुंकतोस तेव्हा तोंडातून कार्बन डायऑक्साइडच जातो ना? मग विस्तव विझायच्या ऐवजी फुलतो कसा?"

वर्ग गप्प होतो. मुलं एकमेकांकडे बघतात. फुंकणी रोज हातात असते, पण असा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

आजचा लेख या प्रश्नावरून सुरू होतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. चुलीजवळ लागणारी साधनं कोणती, ती घेताना काय बघायचं, ती कशी वापरायची आणि त्यातून परिसर अभ्यास व विज्ञानाचा एक चांगला पाठ कसा घेता येईल, हे आपण क्रमाने पाहू.

हा विषय शाळेत का घ्यायचा?

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत पहिल्यांदा गॅस आला. तरी वाडी-वस्तीवर, पाड्यावर चूल बंद झालेली नाही. टाकी संपली की दुसरी येईपर्यंत चूल, अंघोळीच्या पाण्याला चूल, घरात कार्य असेल तर चूल. आणि त्या चुलीपाशी सकाळी कोण बसलेलं असतं? आई शेतावर किंवा कामावर गेली असेल तर बऱ्याचदा आपल्याच वर्गातली एखादी मुलगी, तिसरी-चौथीतली.

वर्गात "कोणाच्या घरी चूल आहे?" असं विचारलं की हात वर यायला वेळ लागतो. गॅस म्हणजे प्रगती आणि चूल म्हणजे मागासलेपण, असं काहीतरी मुलांनी मनात धरलेलं असतं. त्यामुळे जे मूल रोज विस्तव हाताळतं, तेच त्याबद्दल वर्गात बोलत नाही. आपणही विचारत नाही. मग भाजणं, डोळे चुरचुरणं, खोकला हे सगळं "घरचं" म्हणून घरीच राहतं.

मुलांनी चूल पेटवावी असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जे मूल उद्या सकाळी चुलीपाशी बसणारच आहे, त्याला योग्य साधन कोणतं आणि ते कसं धरायचं हे कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे. आणि ते सांगणारं ठिकाण शाळा असू शकते.

चार कामं, चार साधनं

चुलीजवळची कामं मोजली तर मुख्य चारच निघतात.

१. विस्तवाला हवा देणे : फुंकणी
२. लाकूड आणि निखारे हलवणे : सळई आणि निखाऱ्यांचा चिमटा
३. तापलेलं भांडं उतरवणे : सांडशी
४. राख काढणे : पत्र्याची सुपली किंवा लहान फावडं, सोबत झाडणी

यातलं एखादं साधन नसलं की माणूस त्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतो. सळई नसली की जळतं लाकूड हातानेच आत सारतो. सांडशी नसली की ओढणीच्या टोकाने पातेलं उतरवतो. फुंकणी नसली की तोंड विस्तवाजवळ नेतो. चुलीजवळ भाजण्याचे बरेचसे प्रसंग अशा वेळीच घडतात. म्हणून साधनं भारी नसली तरी चालतील, पण चारही कामांना काहीतरी हवंच. आता एकेक साधन पाहू.

फुंकणी

फुंकणी लोखंडी नळीची असते किंवा बांबूची. घेताना तीन गोष्टी बघा.

लांबी : साधारण दीड ते दोन फूट. यापेक्षा आखूड असेल तर चेहरा धगीजवळ जातो. फार लांब असेल तर लहान हातांना ती नीट धरता येत नाही.

टोक : विस्तवाकडचं टोक थोडं निमुळतं असेल तर हवा जोरात आणि नेमक्या जागी जाते. रुंद तोंडातून तीच हवा पसरते आणि राख उडवते.

पदार्थ : प्लॅस्टिकचा पाइप अजिबात नको, तो वितळतो आणि विषारी धूर सोडतो. नळाच्या कामातला जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही टाळा, कारण खूप तापल्यावर जस्ताचा धूर श्वासात जाऊ शकतो. बांबूची फुंकणी स्वस्त आणि चांगली. तिची आतली पेरं तापल्या सळईने आरपार फोडलेली असावीत आणि ओठांकडची कड घासून गुळगुळीत केलेली असावी. पुढचं टोक हळूहळू जळतं, ते अधूनमधून कापून टाकायचं.

आता वापर. यातली सर्वांत महत्त्वाची सूचना अशी : फुंकणी ओठाला लावलेली असताना श्वास आत घ्यायचा नाही. आधी तोंड बाजूला वळवून श्वास घ्यायचा, मग फुंकणी ओठाला लावायची, फुंकायचं, फुंकणी बाजूला करायची आणि पुन्हा तोंड वळवून श्वास घ्यायचा. घाईत लहान मूल फुंकणीतूनच श्वास ओढतं आणि गरम धूर व राख थेट घशात जाते. हे एक वाक्य वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ असलं तरी या पाठाचं निम्मं काम झालं.

तोंडाकडच्या टोकाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे गडबडीत टोक उलटं होणार नाही. घरात कुणाला खोकला असेल तर त्याची फुंकणी वेगळी ठेवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडतो त्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो आणि कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के होतो. म्हणजे उच्छ्वासातही ऑक्सिजनच जास्त असतो. शिवाय फुंकणीतून वेगाने निघालेला झोत आजूबाजूची ताजी हवा आपल्याबरोबर ओढत नेतो. आणि निखाऱ्यावर बसलेला राखेचा थर उडाल्यामुळे आतला तापलेला कोळसा हवेला भेटतो. या तीन गोष्टी मिळून निखारा फुलतो.

एखादा हुशार मुलगा लगेच विचारेल, "मग मेणबत्ती का विझते?" विचारलं तर शाबासकी द्या. मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. जोरात फुंकलं की ती वाफ वातीपासून दूर जाते आणि थंड होते, म्हणून ज्योत विझते. निखाऱ्यात घन कोळसा पृष्ठभागावरच जळत असतो आणि त्याच्या पोटात उष्णता साठलेली असते. फुंकीने तो उडून जात नाही, उलट त्याला हवा मिळते.

सळई आणि चिमटा

सळई म्हणजे एका टोकाला वाकवून कडी केलेला लोखंडी गज. लाकूड आत सारणं, दोन लाकडांमध्ये फट करणं, निखारे पुढे ओढणं ही तिची कामं. लांबी दीड-दोन फूट असावी. धरायच्या टोकाला लाकडी मूठ असेल तर उत्तम, कारण लोखंड उष्णतेचं सुवाहक आहे. गज विस्तवात पडून राहिला तर कडीपर्यंत तापतो. म्हणून काम झालं की सळई लगेच बाहेर काढायची, चुलीत तशीच ठेवायची नाही.

चिमटे दोन हवेत. भाकरी-पापडासाठी पातळ स्टीलचा, निखाऱ्यांसाठी जाड पट्टीचा आणि लांब. भाकरीचा चिमटा निखाऱ्याला लावला की त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात, मग तो ना भाकरीचा राहतो ना निखाऱ्याचा. आठवडी बाजारात चिमटा घेताना तो दाबून बघा. दोन्ही टोकं एकमेकांवर नीट बसली पाहिजेत, तिरकी सरकता कामा नयेत. सोडला की तो आपोआप उघडला पाहिजे. फार कडक असेल तर मुलांच्या किंवा आजीच्या बोटांना पेलणार नाही. दुकानातच त्याने एक लहान खडा उचलून बघा, याहून चांगली परीक्षा नाही.

तरफांचे प्रकार शिकवताना हाच चिमटा टेबलावर ठेवा. जोडलेलं टोक म्हणजे टेकू, बोटांची जागा म्हणजे बल, पुढची टोकं म्हणजे भार. बल मध्ये आहे, म्हणून ही तिसऱ्या प्रकारची तरफ. समजा चिमटा ३० सेंटिमीटर लांब आहे आणि बोटं जोडापासून १५ सेंटिमीटरवर आहेत. मग बोटांनी लावलेल्या बलाच्या साधारण निम्मं बल टोकाशी मिळतं. बोटं पुढे सरकवली तर पकड घट्ट होते, पण हात विस्तवाजवळ जातो. मागे घेतली तर हात सुरक्षित राहतो, पण पकड सैल होते. मुलांना विचारा, "मग बोटं कुठे धरायची?" एकच बरोबर उत्तर नाही. निखारा किती जड, धग किती, हात केवढा, हे बघून ठरवावं लागतं. साधन निवडणं म्हणजे काय, ते इथे समजतं.

सांडशी

सांडशीला काही घरांत पक्कड म्हणतात. तिच्यात टेकू म्हणजे खिळा मध्ये असतो, म्हणून ही पहिल्या प्रकारची तरफ. खिळ्यापासून मुठीपर्यंत १५ सेंटिमीटर आणि जबड्यापर्यंत ३ सेंटिमीटर असेल, तर हाताच्या बलाच्या साधारण पाचपट बल जबड्यात मिळतं. म्हणून निखाऱ्याला चिमटा आणि भरल्या पातेल्याला सांडशी. चिमट्याने भांडं उतरवायला का जाऊ नये, हे आता आकड्यांत सांगता येतं.

घेताना खिळा हलवून बघा. सैल असेल तर जबडे तिरके होतात आणि भांडं निसटतं. जबड्याच्या आतल्या बाजूला खाचा असाव्यात. दोन्ही दांड्या पूर्ण मिटल्यावरही मध्ये फट राहिली पाहिजे, नाहीतर तळहाताची कातडी चिमटते. घरी आणल्यावर पहिली परीक्षा गार पाण्याने भरलेल्या पातेल्यावर घ्या, गरम डाळीवर नको.

धरताना मूठ दांड्यांच्या टोकाकडे असू द्या. मोठं भांडं एका सांडशीने उचलायचंच नाही, ते दोन बाजूंनी दोन मोठ्या माणसांनी कोरड्या, जाड कापडाने धरून उतरवायचं. कापड कोरडं हवं, यावर भर द्या. ओल्या फडक्यातून उष्णता फार लवकर हाताला लागते आणि त्यातल्या पाण्याची वाफ झाली की चटका बसतो. ओलं फडकं जास्त सुरक्षित असं बऱ्याच मुलांना वाटतं, तो समज वर्गातच काढून टाका.

राखेची सुपली आणि झाडणी

राख काढायला पत्र्याची सुपली किंवा लहान फावडं पुरतं. काठ पसरट आणि सरळ असावा, म्हणजे चुलीच्या तळाला नीट बसतो. राख पत्र्याच्या डब्यात किंवा घमेल्यात काढायची. प्लॅस्टिकची बादली, पोतं, खोकं यात कधीच नाही.

का, तर राख वरून गार दिसते पण आत निखारा जिवंत असतो. पूर्वी काड्यापेटी वाचवायला घरोघरी रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी तोच फुलवत. राख उष्णतेची दुर्वाहक आहे, शिवाय ती हवा कमी पोचू देते, त्यामुळे निखारा हळूहळू जळत रात्र काढतो. आजीची ही युक्तीच आपल्याला धोका सांगते : रात्रभर टिकणारा निखारा उकिरड्यावर, कडब्याच्या गंजीशेजारी पडला तर काय होईल? म्हणून राख टाकण्याआधी पाणी शिंपडा, काठीने हलवा आणि पुन्हा शिंपडा. पाणी टाकताना थोडं मागे उभं राहा, कारण गरम वाफ आणि राख वर उसळते.

धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळलेलं इंधन. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. लाकूड ओलं असेल किंवा चुलीचं तोंड काठोकाठ भरलं असेल तर हवा पोचत नाही, इंधन अर्धवट जळतं आणि उरलेलं आपल्या डोळ्यांत आणि छातीत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती.

साधनं नीट वापरली तर धूर संपत नाही, पण कमी होतो. काय करायचं ते असं :

• पेटवण्याआधी राख काढा, म्हणजे खालून हवा जायला वाट मिळते.
• आधी वाळक्या काटक्या, तुराट्या, धसकटं, करवंटीचे तुकडे. मग मध्यम लाकूड. मोठं लाकूड शेवटी.
• लाकडं एकमेकांना चिकटवू नका, सळईने फट ठेवा.
• धूर दिसला की आणखी लाकूड घालू नका. आधी फट करा, मग फुंका.
• प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून चूल पेटवू नका. रॉकेल ओतू नका, आणि पेटत्या चुलीवर तर कधीच नाही.
• दार-खिडकी उघडी ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो.

साधनं ठेवायची कुठे?

आपल्या उजव्या हाताला, चुलीपासून हातभर लांब, येण्या-जाण्याच्या वाटेत नाही. तापलेलं टोक वाळूने किंवा मातीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात खोचून ठेवा. काम संपलं की साधनं गार झाल्यावर खिळ्याला टांगा, रांगत्या बाळाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. घरात गरम आणि गार सळई सारखीच दिसते, म्हणून "डब्यात आहे म्हणजे गरम, खिळ्याला आहे म्हणजे गार" असा नियमच करून टाका. लहान मुलांनाही तो समजतो.

इंग्रजीच्या पुस्तकातली फायरप्लेस

गोष्टीत फायरप्लेस आली की मुलं विचारतात, "ती काय असते?" थंड देशांतल्या घरांत भिंतीतच चूल बांधलेली असते आणि तिचा धूर चिमणीतून छपरावर जातो. ती मुख्यतः खोली उबदार ठेवण्यासाठी असते. तिच्या शेजारी एका स्टँडवर साधनांचा संच टांगलेला असतो : लाकूड सारायला पोकर, उचलायला चिमटा, राखेला लहान फावडं आणि झाडायला ब्रश. कुठे कुठे हवा द्यायला छोटा भाताही असतो, आपल्या लोहाराच्या भात्यासारखा.

आता मुलांना दोन याद्या शेजारी शेजारी लिहायला सांगा. पोकर म्हणजे आपली सळई, भाता म्हणजे फुंकणीचा भाऊ. फरक कुठे आहे? त्यांच्या संचात सांडशी नाही, कारण त्या विस्तवावर रोजचा स्वयंपाक होत नाही. ही तुलना केली की चूलवाल्या घरातल्या मुलाचा चेहरा बघा. जे आपण लपवत होतो तेच लांबच्या देशात दिवाणखान्यात मांडून ठेवतात, हे त्याला कळलेलं असतं.

वर्गातला पाठ : विस्तवाशिवाय

इयत्ता : चौथी ते सहावी. वेळ : दोन तासिका. साहित्य : फुंकणी, दोन प्रकारचे चिमटे, सांडशी, सळई, सुपली, जुनी वर्तमानपत्रं, तीन विटा, खडूचे तुकडे, पत्र्याचा डबा, तीन चमचे. वर्गात विस्तव करायचा नाही, ही पहिली अट.

उपक्रम १, कागदी फुंकणी : प्रत्येकाने वर्तमानपत्राची एक रुंद आणि एक निमुळत्या टोकाची नळी करावी. वीतभर अंतरावर कागदाचे कपटे ठेवून फुंकावं आणि कपटे किती लांब गेले ते पट्टीने मोजावं. आधी नुसत्या तोंडाने, मग रुंद नळीने, मग निमुळत्या नळीने. इथेच "तोंड वळवा, श्वास घ्या, फुंका" याचा सराव घ्या. प्रत्येकाची नळी वेगळी.

उपक्रम २, गार चूल : तीन विटांची चूल मांडा. खडूचे तुकडे म्हणजे निखारे. चिमट्याने एकेक "निखारा" डब्यात न्यायचा. एकदा बोटं पुढे धरून, एकदा मध्ये, एकदा मागे. कुठे धरल्यावर निखारा पडला, कुठे हात फार जवळ गेला, ते मुलांनीच सांगायचं.

उपक्रम ३, तीन चमचे : ॲल्युमिनियमचा, स्टीलचा आणि लाकडी चमचा एका भांड्यात उभे करा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतायचं, ते उकळतं नको. दोन मिनिटांनी वरच्या टोकांना बोट लावून बघायचं. स्टीलमधून उष्णता साध्या लोखंडापेक्षाही सावकाश जाते आणि लाकडातून तर फारच सावकाश. मग मुठीला लाकूड का लावतात, हे सांगावं लागत नाही.

उपक्रम ४, घरचा अभ्यास : आजी-आजोबांना किंवा शेजाऱ्यांना विचारून चुलीजवळच्या पाच वस्तूंची नावं, त्यांचं काम आणि त्या कशापासून बनतात हे लिहून आणायचं. गावागावांत नावं बदलतात, चुलीला जोडलेल्या मागच्या चुलीला कुणी वैल म्हणतं, कुणी आवल. सगळी नावं फळ्यावर लिहा, कुठलंही चूक म्हणू नका. ज्यांच्या घरी चूल नाही त्यांनी गॅसजवळच्या साधनांची यादी करावी.

मूल्यमापनासाठी प्रश्न : फुंकणी ओठाला असताना श्वास का घेऊ नये? निखाऱ्याला सांडशी आणि पातेल्याला चिमटा वापरला तर काय अडचण येईल? ओलं फडकं धोक्याचं का? राख प्लॅस्टिकच्या बादलीत का भरू नये?

वनभोजनाच्या वेळी हाच पाठ प्रत्यक्ष कामी येतो. तेव्हा चूल शिक्षक आणि पालकांनीच सांभाळावी. दगड ओढ्यातून ओले उचलू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असा दगड फुटू शकतो. पाण्याची भरलेली बादली चूल पेटवण्याआधी शेजारी हवी, नंतर नाही.

भाजलं तर काय करायचं?

हे वर्गात तोंडपाठ करून घ्या.

• भाजलेल्या भागावर २० मिनिटं साधं, स्वच्छ, गार पाणी सोडा. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. बर्फ लावू नका.
• बांगडी, अंगठी, दोरा सूज येण्याआधी काढा.
• टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, राख यातलं काही लावू नका. फोड फोडू नका.
• स्वच्छ कोरड्या कापडाने सैलसर झाका.
• जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर दवाखान्यात न्याच. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक.
• कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही. थांबा, आडवे व्हा, लोळा.

पालकांसाठी दोन शब्द

ताई-दादांनो, लहान मुलाला चुलीपाशी एकटं बसवू नका. मोठं होईपर्यंत त्याने बघावं, काटक्या आणून द्याव्यात, गार साधनं जागेवर लावावीत. थोडं मोठं झालं की तुमच्यासमोर, आणि मुलगी असो की मुलगा, दोघांनाही सारखंच शिकवा. चुलीपाशी बसताना केस बांधलेले, ओढणी खोचलेली आणि अंगात सुती कपडा असावा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

आणि चांगली सांडशी, लांब फुंकणी, एक सळई या गोष्टींवर होणारा खर्च पुढे टाकू नका. घरात ज्याचे हात सगळ्यात लहान, त्याच्या हाताला पेलेल अशी साधनं घ्या. मोठ्यांना ती चालतातच.

शिक्षक मित्रांनो, या आठवड्यात एकदा वर्गात फुंकणी घेऊन जा आणि वर दिलेला पहिला प्रश्न विचारा. उत्तर लगेच सांगू नका. रोज चूल पेटवणाऱ्या मुलीला पुढे बोलवा आणि ती कशी फुंकते ते तिला वर्गाला दाखवू द्या. त्या तासाला वर्गातली जाणकार तीच असेल.